आधी ‘बनवू नका’, मग ‘एवढं नको’: साखर कारखान्यांचं इथेनॉलचं गणित कुठे चुकलं?

७ डिसेंबर २०२३. महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्या दिवशी केंद्र सरकारनं साखर कारखान्यांना आदेश दिला की, २०२३-२४ या इथेनॉल वर्षात उसाचा रस किंवा साखरेचा पाक वापरून इथेनॉल बनवू नका.

डिस्टिलऱ्या उभ्या होत्या. त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू होते. तेल कंपन्यांशी पुरवठ्याचं ठरलेलं होतं. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, सरकारनं थोडी ढील दिली आणि देशभरात मिळून १७ लाख टन साखरेएवढा रस आणि बी-हेवी मळी इथेनॉलसाठी वापरायला परवानगी दिली. आदल्या वर्षी हाच आकडा ४० लाख टनांच्या आसपास होता.

आता दोन वर्षं पुढे या. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी साधारण १०५० कोटी लिटर इथेनॉल मागितलं. देशभरातून देऊ केलं गेलं जवळपास १७७६ कोटी लिटर. म्हणजे आधी ‘बनवू नका’ आणि मग ‘एवढं नको’.

दोन्ही वेळा कारखानदारांची प्रतिक्रिया साधारण एकच होती: धोरण अचानक बदललं, आमचं नियोजन कोलमडलं.

पण हे खरंच अचानक होतं का? आदेशाची तारीख कुणालाच आधी कळली नसती, हे मान्य. आदेश कोणत्या दिशेनं येणार, हे मात्र एका कागदावर काही बाण काढून दिसू शकलं असतं. या पद्धतीला कारण-परिणामांचा नकाशा म्हणतात. मोठ्या गुंतागुंतीच्या निर्णयांसाठी जगभरात ती वापरली जाते. ती काय आहे आणि इथेनॉलच्या बाबतीत ती काय सांगते, ते बघूया.

आधी सरळ रेषेतलं गणित

२०१८ मध्ये राष्ट्रीय जैवइंधन धोरण आलं. २०३० पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं, असं उद्दिष्ट ठरलं. पुढे ते २०२५-२६ वर आणलं गेलं. डिस्टिलरी उभारायला घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सरकारनं सवलत दिली. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा ठरलेल्या मुदतीच्या आधीच गाठला गेला.

कारखान्यांसाठी हे वरदानच होतं. कारण त्यांची जुनी दुखणी रोख पैशाची आहेत. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी द्यायची, असा ऊस नियंत्रण आदेश, १९६६ चा नियम आहे. साखर मात्र वर्षभर हळूहळू विकली जाते, तीही केंद्रानं ठरवून दिलेल्या मासिक कोट्यात. खर्च चार-पाच महिन्यांत आणि उत्पन्न बारा महिन्यांत. इथेनॉलचे पैसे साधारण तीन आठवड्यांत मिळू लागले.

मग प्रकल्प अहवाल तयार झाले. इतका ऊस, इतका रस, इतकं इथेनॉल, लिटरला इतका दर, वर्षाला इतकं उत्पन्न, इतक्या वर्षांत कर्ज फिटणार. हे गणित एका रेषेत जातं. डावीकडे ऊस, उजवीकडे नफा. बेरीज-वजाबाकीत काही चूक नाही. पण या रेषेत उजवीकडून डावीकडे परत येणारं काहीच नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

नकाशा म्हणजे नेमकं काय?

ही पद्धत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५०च्या दशकात जे फॉरेस्टर यांनी सुरू केलेल्या विचारातून आली. फॉरेस्टर मुळात विद्युत अभियंते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांनी त्यांच्यापुढे एक कोडं ठेवलं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्यांत काम चालायचं, तर काही वर्षांनी निम्म्या लोकांना घरी पाठवावं लागायचं. बाजारातली तेजी-मंदी हे कारण सगळ्यांना पटण्यासारखं होतं. फॉरेस्टर यांनी वहीत हातानं आकडेमोड केली आणि दाखवलं की मागणी स्थिर असली तरी हे हेलकावे येतील. साठा आणि मागणी बघून माणसं घेण्याचे आणि कमी करण्याचे कंपनीचे स्वतःचेच नियम ते हेलकावे तयार करत होते. १९६१ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि त्यातून एक शाखाच उभी राहिली.

कागदावर करायचं ते सोपं आहे. ज्या गोष्टी वाढू किंवा कमी होऊ शकतात, त्या लिहायच्या. एकीचा दुसरीवर परिणाम होत असेल तर बाण काढायचा. पहिली वाढली की दुसरी वाढते, तर बाणावर अधिक. पहिली वाढली की दुसरी घटते, तर उणे.

मग बघायचं की बाण फिरून पहिल्या जागी परत येतात का. आले, तर ते चक्र झालं. चक्रं दोनच प्रकारची असतात.

एक, फुगवणारं. चक्रवाढ व्याजासारखं. मुद्दल वाढलं की व्याज वाढतं, व्याजानं मुद्दल वाढतं.

दुसरं, आवरणारं. पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखं. पाणी वर चढलं की तोच पाण्याचा प्रवाह बंद करतो.

तिसरी खूण उशिराची. काही बाण लगेच लागू होतात, काहींना वर्ष-दीड वर्ष लागतं. यंदा कांद्याला भाव मिळाला म्हणून सगळे कांदा लावतात आणि तो बाजारात येईपर्यंत भाव पडलेला असतो, ही उशिराचीच करामत.

जपानी तज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावानं ओळखली जाणारी माशाच्या काट्यासारखी आकृतीही अनेकांनी पाहिली असेल. ती एका समस्येची कारणं शोधायला चांगली. पण तिथे सगळे बाण समस्येकडे जातात, परत कुणी येत नाही. धंद्याच्या नियोजनात नेमका परत येणारा बाणच महाग पडतो.

आता इथेनॉलचा नकाशा काढूया

पहिलं चक्र: इथेनॉल वाढलं → रोख पैसा वाढला → एफआरपी वेळेवर गेली → शेतकऱ्यानं पुढच्या वर्षीही याच कारखान्याला ऊस दिला → गाळप वाढलं → इथेनॉल आणखी वाढलं.

हे फुगवणारं चक्र. प्रकल्प अहवालात बहुतेक हेच असतं आणि ते खोटं नाही.

दुसरं चक्र: इथेनॉल वाढलं → तेवढी साखर कमी बनली → बाजारात साखरेचा भाव चढू लागला → सरकारवर दबाव आला → सरकारनं इथेनॉलकडे वळणारा ऊस रोखला → इथेनॉल कमी झालं.

हे आवरणारं चक्र. चांगल्या पावसाच्या वर्षी ते दिसतच नाही, कारण साखर मुबलक असते. टाकी अर्धी रिकामी असताना बॉल कॉक जागचा हलत नाही, तसंच.

२०२३ मध्ये टाकी भरली. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये सर्वांत कोरडा ठरला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या उसाबद्दल चिंता सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये साखर निर्यातीवरचे निर्बंध पुढील आदेशापर्यंत वाढवले गेले. लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर होती. डिसेंबरमध्ये आदेश आला.

इथे या लेखातला मुख्य मुद्दा येतो. कारखान्याच्या नियोजनात सरकारी धोरण पावसासारखं धरलं जातं: बाहेरून येणारं, आपल्या हाती नसलेलं, कधीही पडणारं. नकाशावर मात्र ते बाहेर नाही. ते दुसऱ्या चक्राच्या मधोमध आहे. देशभरातले कारखाने इथेनॉलकडे जितके जास्त वळतील, तितकी कमी पावसाच्या वर्षी आदेश येण्याची शक्यता जास्त. म्हणजे हा धोका उद्योगाच्या यशातूनच वाढत होता.

चार बाण, एकच हात

नकाशावर अजून एक गोष्ट दिसते. उसाची एफआरपी केंद्र ठरवतं. साखरेची किमान विक्री किंमत केंद्र ठरवतं. इथेनॉलचा दर केंद्राच्या मंजुरीनं ठरतो. साखरेची निर्यात केंद्राच्या परवानगीनं होते.

बँकेला द्यायच्या अहवालात ‘दर ५ टक्क्यांनी पडला तर?’, ‘ऊस १० टक्क्यांनी घटला तर?’ अशा चाचण्या असतात. एकावेळी एक आकडा हलवून बाकीचे जागेवर ठेवतात. पण मुळाशी एकच कारण असेल, तर सगळे आकडे एकदमच हलतात. कमी पावसाच्या वर्षी ऊस कमी पडण्याची भीती, निर्यात बंद आणि इथेनॉलवर मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच हंगामात आल्या. कर्जाचा हप्ता तेवढा जागचा हलला नाही.

काही बाण हलतच नाहीत, तेही त्रासाचं. एफआरपी २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२५-२६ मध्ये ती ३५५ रुपये झाली. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर याच काळात लिटरला ६५ रुपये ६१ पैशांवर राहिला. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, त्यानंतर अनेक वर्षं ती तशीच राहिली. कच्चा माल दरवर्षी महाग आणि पक्क्या मालाचा दर गोठलेला. पहिलं, फुगवणारं चक्र यातूनच हळूहळू अशक्त होत जातं. त्याची झळ शेवटी उसाच्या थकबाकीच्या रूपानं शेतकऱ्यापर्यंत पोहोचते.

उशिराचा खेळ

नकाशावर उशिराची खूण का लागते, त्याचं याच प्रकरणात उत्तम उदाहरण आहे.

२०२३ च्या कोरड्या पावसाळ्यामुळे त्याच हंगामात साखर खूप घटेल, असं धरलं गेलं होतं. तसं झालं नाही. २०२३-२४ मध्ये देशात ३२० लाख टनांच्या आसपास साखर झाली, महाराष्ट्रात जवळपास ११० लाख टन.

मोठा फटका बसला पुढच्या वर्षी. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो दीड वर्षानं तुटतो. २०२३ च्या पावसाळ्यात जी लागवड झाली नाही, तिची उणीव २०२४-२५ मध्ये जाणवली. शिवाय उत्तर प्रदेशात रोग पडला, महाराष्ट्रात उसाला लवकर तुरे आले, इथेनॉलकडेही जास्त साखर वळली. २०२४-२५ मध्ये देशाचं उत्पादन २६१ लाख टनांवर आणि महाराष्ट्राचं ८० लाख टनांच्या आसपास आलं.

इथेनॉलवरचे निर्बंध सरकारनं ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उठवले होते. म्हणजे साखर बऱ्यापैकी झाली त्या वर्षी ब्रेक लागला आणि साखर घटली त्या वर्षी ब्रेक निघाला. सरकारलाही उशिराचा बाण चकवून गेला. आज दिसणाऱ्या आकड्यावर निर्णय घ्यायचा आणि त्याचा परिणाम वर्षा-दीड वर्षानं येणार, अशा ठिकाणी हेलकावे ठरलेलेच. केंटकीच्या कारखान्यांत हेच घडत होतं.

उसावरचा ब्रेक सोयाबीनपर्यंत कसा पोहोचला?

उसावर मर्यादा आली, पण मिश्रणाचं उद्दिष्ट तसंच राहिलं. मग इथेनॉल आणायचं कुठून? मक्यापासून. जानेवारी २०२४ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे असा दर ठरला, उसाच्या रसापेक्षा सहा रुपये जास्त.

पुढचे बाण बघा.

मक्याची मागणी वाढली → मका महागला → कोंबडी खाद्य महागलं → पोल्ट्रीवाल्यांनी आयात खुली करायची मागणी केली. वर्षानुवर्षं मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये निव्वळ आयातदार झाला.

दुसरी फांदी आणखी अनपेक्षित. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर प्रथिनयुक्त चोथा उरतो. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. तो स्वस्तात पशुखाद्य आणि कोंबडी खाद्यात जाऊ लागला. पूर्वी ती जागा सोयापेंडेची होती. पेंडेची मागणी घटली की सोयाबीनच्या भावावर दबाव येतो. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याखाली होता आणि विधानसभा निवडणुकीत मराठवाडा-विदर्भात हा मोठा मुद्दा झाला. भाव पडायला जागतिक बाजारासारखी इतरही कारणं होती. पण तेलबिया उद्योगानं डीडीजीएसकडे स्पष्ट बोट दाखवलं होतं.

म्हणजे एका वर्षी उसावर लागलेला ब्रेक आणि लातूरच्या आडतीवरचा सोयाबीनचा भाव या दोन गोष्टींत बाण जोडता येतो. सरळ रेषेच्या गणितात तो सापडणार नाही.

आणि हेही चक्रच आहे. मक्याला भाव मिळाला म्हणून मक्याचा पेरा वाढला. २०२५ च्या अखेरीस कर्नाटकात मक्याचे भाव २४०० रुपयांच्या हमीभावाखाली गेले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले.

मग कारखान्यानं करायचं काय?

समजा, एका सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळापुढे आज १०० कोटींच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं सहकारी कारखान्यांसाठी एक योजना आणली. उसावर चालणारी डिस्टिलरी मक्यावर आणि खराब धान्यावरही चालेल अशी बदलून घ्यायची, कर्जाच्या व्याजात सवलत मिळेल. ऊस नसेल तेव्हा मका, म्हणजे डिस्टिलरी वर्षभर चालू. ऐकायला उत्तम.

नकाशा समोर ठेवून मंडळानं चार प्रश्न विचारावेत.

पहिला: सगळ्यांनी हेच केलं तर? राज्यातल्या सगळ्याच कारखान्यांनी मका घ्यायचा ठरवला तर मक्याचा भाव काय होईल? महाराष्ट्रात मका मुख्यतः जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात होतो. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्याला वाहतूक खर्च धरून तो परवडेल का? १०५० कोटी लिटरच्या मागणीसमोर १७७६ कोटी लिटर येतात, ते हा प्रश्न कुणी न विचारल्यामुळेच.

दुसरा: आपली कोणती गृहीतकं एकाच मुळाशी जातात? ती शोधून एकत्र हलवून बघायची. पाऊस कमी, निर्यात बंद, इथेनॉलवर मर्यादा, असं एक पूर्ण वर्ष धरून हप्ता भरता येतो का ते तपासायचं.

तिसरा: उशीर किती? प्रकल्प उभा राहायला दीड-दोन वर्षं लागणार असतील, तर आजच्या दरावर निर्णय घेण्यात अर्थ नाही. तोपर्यंत इतरांचे प्रकल्पही उभे राहिलेले असतील.

चौथा: आपल्या हातात कोणता बाण आहे? केंद्राचा दर नाही, पाऊस नाही. पण कर्ज किती घ्यायचं, हप्ते किती वर्षांत पाडायचे, चांगल्या वर्षी किती राखीव ठेवायचे, ठिबकखाली किती ऊस आणायचा, हे हातात आहे. नकाशाचा उपयोग बहुतेकदा इथेच होतो. उत्तर ‘प्रकल्प नको’ असंच येईल असं नाही. ‘हाच प्रकल्प, पण १०० ऐवजी ६० कोटींचा’ असंही येऊ शकतं.

नकाशाही फसवू शकतो

या पद्धतीच्या मर्यादा लक्षात घ्यायला हव्यात.

एक, बाण म्हणजे पुरावा नव्हे. तो काढणाऱ्याचा अंदाज असतो. सोयाबीनच्या भावावर डीडीजीएसचा परिणाम झाला, हा बाण काढणं सोपं. नेमका किती झाला, ते आकड्यांनी तपासावं लागतं.

दोन, बाण फार झाले तर नकाशा निरुपयोगी होतो. अफगाणिस्तानातल्या युद्धावर अमेरिकी सैन्यासाठी काढलेला असाच एक नकाशा २०१० मध्ये जगभर थट्टेचा विषय झाला. तो शेवयांच्या भांड्यासारखा दिसत होता आणि खुद्द तिथल्या सेनापतीनं त्यावर विनोद केला होता. पंधरा-वीस गोष्टींच्या पुढे गेलात तर थांबा आणि निर्णयाशी संबंध नसलेले बाण खोडा.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: नकाशा कोण काढतं? फक्त चेअरमन आणि सल्लागार बसले तर पहिलं, गोड चक्रच कागदावर येईल. शेती अधिकारी बसला तर आडसालीचा उशीर दिसेल. हिशेबनीस बसला तर हप्त्याची तारीख दिसेल. ऊस उत्पादक सभासद बसला तर थकबाकी झाली की तो ऊस दुसऱ्या कारखान्याला घालतो, हा बाण तोच काढेल.

किराणा दुकानाची दुसरी शाखा असो, द्राक्षाची नवी बाग असो की क्लाऊड किचन, पद्धत हीच लागू पडते. फायद्याचा बाण सगळेच काढतात. तो फिरून आपल्याकडे कुठून आणि किती दिवसांनी परत येणार आहे, एवढं कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विचारून ठेवा. साखर कारखान्याच्या बाबतीत तो कुणी विचारला नाही, तर त्याचं उत्तर शेवटी उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला द्यावं लागतं.